जिजी नक्की किती वर्षांची होती? (आणि तिच्याबद्दल लिहायचं तरी काय?)

कोयनाकाठची
नमस्कार मंडळी. आमची पणजी, घरातल्या सगळ्यांची जिजी, 2025 च्या चैत्रात गेली. दुखणं असं काही नव्हतं. सकाळी चहा घेतला आणि दुपारी गेली. वर्षश्राद्धाला तिच्यावर एक छोटी पुस्तिका काढायचं ठरलंय आणि घरात लिहिण्याची हौस मला एकटीलाच, त्यामुळे काम माझ्या गळ्यात.

पहिल्याच ओळीला गाडी अडली. जन्म कधीचा? आधार कार्डावर 01/01/1921. थोरल्या काकांच्या मते ती मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीतली, म्हणजे 1918. त्यांनी दहाव्याला चौकात 'वयाच्या 107 व्या वर्षी' असा फ्लेक्सही लावला. जिजी स्वतः म्हणायची, "बेंदराच्या तोंडावर झाले मी, साल कुनाला म्हाईत." शाळेत ती कधी गेलीच नाही, त्यामुळे दाखल्याचा प्रश्नच नाही.

बाकी जे ठाऊक आहे ते असं. सासर-माहेर दोन्ही पाटण तालुक्यातलं. आजोळ कोयनेच्या खोऱ्यात होतं, ते शिवाजीसागरात गेलं. पणजोबा मुंबईला गिरणीत. ही गावाकडे शेत, दोन म्हशी, सासू, तीन दीर आणि स्वतःची पाच पोरं सांभाळून होती. पुढं सगळं घर तिच्या शब्दावर चालायचं. पण हे 'पुढं' सगळ्यांना माहीत आहे. त्याआधीचं कुणालाच काही सांगता येत नाही.

वय कसं काढायचं? आणि अशा पुस्तिकेत तुम्ही काय वाचायला मागाल?

पारावरचा गप्पिष्ट
107 चा फ्लेक्स लागला म्हणजे विषय संपला. महाराष्ट्रात फ्लेक्सपेक्षा मोठा पुरावा नाही.

हौशी पंचांगी
जिजींना नमस्कार. आधारवरच्या 01/01 ला फार महत्त्व देऊ नका. नुसतं वर्ष किंवा अंदाजे वय सांगितलं की तारीख बहुतेक वेळा 1 जानेवारी पडते. आपल्या आधीच्या पिढीत सगळे 1 जूनला जन्मायचे, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि गुरुजी तीच तारीख टाकायचे. आमच्या वडिलांसह चारही भावंडं 1 जूनची आहेत.

बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, तुमच्याकडे आषाढात. त्यामुळे महिना मिळाला, आता फक्त साल हवं. मानमोडीचं म्हणाल तर तिचा मोठा तडाखा 1918 च्या पावसाळ्याच्या अखेरीपासून बसला. आषाढातला जन्म 'साथीतला' म्हणणं जरा ओढूनताणून वाटतं. जिजी साथीबद्दल स्वतः काय सांगायच्या?

कोयनाकाठची
@हौशी पंचांगी, तिची एक आत्या मानमोडीत गेली. पण ते ती "आये सांगायची" असंच सांगायची. स्वतः पाहिल्यासारखं कधीच नाही.

सातारी कंदी
मग काकांचा फ्लेक्स उतरवा. 1918 नंतरचीच आहे ती.

लग्नाचं काही बोलायची का? आमच्या आजीच्या वयाचा हिशोब आम्ही लग्नावरून लावला होता.

कोयनाकाठची
लग्नाचं मात्र रंगवून सांगायची. "कायदा येनार म्हनून त्या साली गावातल्या समद्या पोरी उजवल्या. एकाच मांडवात आमी चौघी. मला मामानं कडंवर घेतलं हुतं."

हौशी पंचांगी
वा! हा सारडा कायदा, बालविवाह रोखणारा. मंजूर झाला 1929 मध्ये आणि लागू झाला 1 एप्रिल 1930 पासून. मुलीचं वय किमान 14 आणि मुलाचं 18. मधल्या सहा महिन्यांत लोकांनी देशभर धडाधड लग्नं उरकून घेतली. म्हणजे जिजीचं लग्न 1929 ची अखेर ते 1930 चा मार्च या दरम्यान धरा. कडेवर घेण्याजोगी होती म्हणजे चार-पाच वर्षांची. जन्म 1925 च्या आसपास. शंभरी जेमतेम!

सातारी कंदी
@हौशी पंचांगी, थांबा थांबा. मामानं मुलीला उचलून मांडवात आणायची पद्धतच आहे आमच्याकडे. माझ्या बहिणीला मामानं उचललं तेव्हा ती एमकॉम होती आणि मामाला पुढं आठवडाभर कंबरेचा पट्टा. कडेवरून वय काढू नका.

पारावरचा गप्पिष्ट
मामाचं वय काढा मग.

पानशेतपीडित
घराघरात अशी कॅलेंडरं असतात नाही? आमच्या आजीचं सगळं 'पुराआधी' आणि 'पुरानंतर'. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा नारायण पेठेतलं आमचं बिऱ्हाड पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात होतं. लग्नाचे फोटो, पत्रिका, आजोबांच्या नोकरीचे कागद, सगळं गेलं. नंतर कुणाचं काहीही विचारलं की आजी आधी ठरवायची, ती वस्तू चिखलातून काढलेली की नंतर घेतलेली. पितळेचा एक डबा होता, त्याच्या कडीच्या खाचेत तो चिखल शेवटपर्यंत होता. ती मुद्दाम घासायची नाही.

माझगावची
आमच्या आजीचं कॅलेंडर म्हणजे मुंबईच्या गोदीतला जहाजाचा स्फोट. 14 एप्रिल 1944, दुपारी चारच्या सुमारास. मोठे मामा तेव्हा तिच्या पोटात होते, त्यामुळे त्यांच्या रागीटपणाचं खापर आयुष्यभर त्या जहाजावर फुटलं.

निवृत्त तलाठी
ताई, अंदाज बांधण्यापेक्षा कागद बघा. जन्ममृत्यू नोंदणीचा आजचा कायदा 1969 चा. त्याआधी खेड्यात ही नोंद कोतवालाकडे असे. गाव नमुना 14, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जुनी बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. गाव आणि अंदाजे वर्षं घालून नकलेसाठी अर्ज करायचा. कुणबी नोंदींच्या शोधात अलीकडे ही बुकं सगळीकडे धुंडाळली गेली आहेत. त्यामुळे कुठल्या गावाचं कुठल्या कपाटात आहे ते कर्मचाऱ्यांना पूर्वीपेक्षा चांगलं ठाऊक असतं.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, मुलाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, एवढंच. दोन, जुनी पानं मोडी लिपीत असू शकतात. तीन, आणि इथेच लोक फसतात, पहिलं बाळंतपण माहेरी होतं. जिजी थोरली असेल तर तिची नोंद तिच्या वडिलांच्या गावात शोधू नका. आईच्या माहेरी, म्हणजे जिजीच्या आजोळी शोधा.

कोयनाकाठची
तलाठीकाका, ती थोरलीच. पण आजोळ तर धरणात गेलं!

निवृत्त तलाठी
गाव बुडालं म्हणून दप्तर बुडत नाही. अर्ज करा.

वाचनमात्र
वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्याही पणजीचं काढायचंय.

गिरणगावकर
पुस्तिकेत काय असावं यावर थोडं. 'प्रेमळ, कष्टाळू, देवभोळ्या' ही तीन विशेषणं कृपा करून नकोत. प्रत्येक वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेत तीच असतात, आतली बाई कोण होती ते कळतच नाही. ती काय करायची ते लिहा.

आमची आजी लालबागला खानावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली आणि जेवायला गावाकडचे वीसेक गडी, तीन पाळ्यांत. तिला लिहिता येत नव्हतं. हिशोब चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं. प्रत्येक गड्याचं एक चिन्ह: एकाला कोयता, एकाला मिशी, एक पायानं अधू होता त्याला काठी. जेवण झालं की त्याच्या चिन्हाखाली रेघ. खाडा झाला तर टिंब. पगाराच्या दिवशी ती भिंतीकडे पाठ करून बसायची आणि तोंडानं आकडा सांगायची. गडी भिंत मोजून बघायचा, आकडा बरोबर. नंतर ओल्या फडक्यानं भिंत पुसायची.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आजी साठीची होती. गड्यांकडे पैसे नव्हते, तरी ताट वाढत राहिली. तेव्हा भिंत पुसली गेली नाही. खोली विकताना बापानं रंग दिला, मला आजही त्याचा राग येतो. अशा बायका सावकाराच्या तावडीत जायच्या, पण 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. त्यातून बँकेचं कर्ज मिळालं म्हणून तगल्या.

जिजींचं असं काहीतरी असेलच. पणजोबा मुंबईला म्हणजे मनीऑर्डरचा हिशोब कोण ठेवायचं?

माझगावची
@गिरणगावकर, मिशीचं चिन्ह! हा वेगळा धागा होऊ दे.

बंडखोर सूनबाई
सगळं छान चाललंय, थोडं मीठ टाकते.

आमच्या आजेसासूबाई 94 वर्षं जगल्या. घरातली कर्ती बाई, गावात मान, वगैरे. दुधाच्या भांड्याला आतून चुन्यानं खूण करून ठेवायच्या. सुनांनी चोरून चहा केला तर कळावं म्हणून. साखरेच्या डब्याची किल्ली कनवटीला. माझ्या सासूबाईंनी बाळंतपणातसुद्धा स्वतःच्या हातानं दूध घेतलं नाही. त्या गेल्यावर पुस्तिका निघाली, 'वात्सल्यमूर्ती'. छापून आली त्या दिवशी सासूबाईंनी ती वाचली आणि रद्दीत टाकली. रद्दीवाल्याची वाटसुद्धा बघितली नाही, बंबात घातली.

तर ताई, लिहाच. पण जिजीच्या सुनांना विचारून लिहा. मुलांना आणि नातवंडांना विचाराल तर सगळ्यांची आजी सारखीच निघते.

पानशेतपीडित
अहो, पण गेलेल्या माणसाबद्दल कशाला. एवढीशी पोर परक्या घरात आलेली, तिनं काय काय सोसलं असेल. तिला जे मिळालं तेच तिनं पुढं दिलं.

बंडखोर सूनबाई
@पानशेतपीडित, मग तेही लिहा ना. तिला काय मिळालं आणि तिनं काय दिलं, दोन्ही. एकच बाजू छापायची तर फ्लेक्स पुरेसा आहे.

पारावरचा गप्पिष्ट
फ्लेक्सला मध्ये घेऊ नका, तो माझा विषय आहे.

सातारी कंदी
सूनबाईंना +1. आमच्यात दहाव्याला भाषण करणाऱ्यांत एकही सून नव्हती. त्या आत पुऱ्या लाटत होत्या.

अर्धवट वकील
कागदांचा विषय निघालाय म्हणून सांगतो: फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, बघा. गाव नमुना 6. पणजोबा कधी गेले, वारस कोण लागले, कोणाची वयं काय लिहिली, सगळं त्यात मिळतं. बाईचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा येतं ते बहुतेक नवरा गेल्यावर.

आणि माहेरचेही फेरफार काढा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या मिळकतीत मुलीला वाटा आला. मग भाऊ राखीला साडी घेऊन यायचे आणि जाताना हक्कसोड करून घ्यायचे. आमच्या आजीचा कागद मी पाहिलाय: 'नि. डा. हा. अंगठा', निशाणी डाव्या हाताचा. शेजारी साक्षीदार म्हणून सही कुणाची, तर आजोबांचीच. दीड एकर बागायत गेली. आजी म्हणायची, "माहेरची वाट उघडी राहायला हवी." पुढं भाऊबीजेला भाऊ आलाच नाही ही गोष्ट वेगळी.

निवृत्त तलाठी
वकीलसाहेब, सगळेच भाऊ तसे नसतात. मी असेही फेरफार धरलेत की बहिणीनं हक्क सोडला आणि भावानं तिच्या मुलाला शिकवलं.

अर्धवट वकील
असतील. नोंदणीकृत दस्त मात्र हक्कसोडीचाच होतो, शिकवण्याचा होत नाही.

हौशी पंचांगी
जुन्या मतदार याद्याही बघा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगणाऱ्या सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली. त्यातली बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतली. आपल्याकडे नाव सापडायची शक्यता बरी आहे, पण सासरचं नाव. लग्नात नाव बदललं असेल तर माहेरचं आधी शोधा.

भटका पारायणी
नाशिक-त्र्यंबकला कुणी जाऊन आलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत नामावळी मिळेल. तिथं बायकांचीही नावं घालतात. तुमच्या भागात हेळवी येतात का? बैलावर बसून वंशावळ म्हणणारे. आमच्या घराण्याच्या बारा पिढ्या घडाघडा म्हणून दाखवल्या त्यानं. मी विचारलं, पणजीचं माहेर कुठलं? तर म्हणाला, "ते आमच्या वहीत नसतंय."

कोयनाकाठची
मंडळी, खूप दिवसांनी येतेय, पण बरंच घेऊन आलेय.

तलाठीकाका, तुमचे पाय धरायला हवेत. आजोळच्या गावाचं कोतवाल बुक तहसीलला निघालं. पानं मोडीत. वाचायला एक जाणकार मिळाले, त्यांनी भिंगातून वाचून दाखवलं. जिजीच्या वडिलांच्या नावानं तिथं दोन नोंदी आहेत. दोन्ही 'मुलगी'. नाव कुठलंच नाही. एक 4 जुलै 1922. दुसरी 1925 चा मार्च.

आता यातली जिजी कोणती? आम्हाला तर ती घरातली एकुलती एक मुलगी आणि पाठीवर तीन भाऊ एवढंच माहीत. म्हणून वडिलांच्या गावचं बुकही काढलं. त्यात 1927 मध्ये मृत्यूची नोंद आहे: मुलगी, वय 2, कारण ताप.

म्हणजे जिजीला एक धाकटी बहीण होती. कुणालाच ठाऊक नव्हतं. जिजीच्या भावजयीला जाऊन विचारलं, त्या नव्वदीच्या आहेत. त्या म्हणाल्या, "आसंल बाई. सासू कधी बोलली न्हाई." जिजी तेव्हा पाच वर्षांची, तिला आठवत असणारच. आम्ही तिला इतकं विचारलं, पण तुला बहीण होती का हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

हौशी पंचांगी
4 जुलै 1922! त्या वर्षी आषाढी पौर्णिमा 9 जुलैला होती. 'बेंदराच्या तोंडावर' तंतोतंत. शके 1844, दुंदुभी नाम संवत्सर. पडताळा हवा असेल तर शकात 12 मिळवा, 60 नं भागा, बाकी 56 उरते. छपन्नावा दुंदुभी.

म्हणजे जाताना वय 102 पूर्ण, 103 वं चालू. लग्नात साडेसात वर्षांची. माझा 1925 चा अंदाज तुमच्या मामांनी पाडला. आणि गंमत बघा, ज्या आधारवर आपण हसलो ते दीडच वर्षानं चुकलं.

सातारी कंदी
साडेसात वर्षांच्या मुलीला कडेवर घेतलं म्हणजे मामा दणकट होता. मी म्हटलंच होतं.

बंडखोर सूनबाई
त्या धाकटीची नोंद पुस्तिकेत घ्या. नाव नसलं तरी ओळ असू दे. आणि सुनांचं काय झालं?

कोयनाकाठची
@बंडखोर सूनबाई, विचारलं. आजी (जिजीची थोरली सून) आधी "कशाला आता" म्हणाली. मग भांडी घासता घासता बोलायला लागली आणि मी फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं, तिला सांगून. पहिली दोन वर्षं तिला भाकरी थापू दिली नाही, "तुझी फुगत न्हाई" म्हणून. फक्त दळण आणि पाणी. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे भूकंप झाला. घराची मागची भिंत पडली, सगळे मळ्यात पाल ठोकून राहिले. तिथं चुलीपाशी जिजी थंडीनं काकडत होती, हात चालेनात. तेव्हा ती म्हणाली, "थाप तू." आजी म्हणते, त्या दिवशीही एकसुद्धा फुगली नाही आणि जिजीनं मुकाट खाल्ली.

बहात्तरच्या दुष्काळात दोघी एकाच कामावर खडी फोडायला होत्या. सुकडी मिळायची ती जिजी पदरात बांधून घरी आणायची. लाल मिलोच्या (परदेशी ज्वारीच्या) भाकरीला मात्र दोघी मिळून शिव्या घालायच्या.

गिरणगावकर, मनीऑर्डरचंही निघालं. जिजीला वाचता येत नव्हतं, पण पोस्टमन एक रुपया कमी देतो हे तिनं धरलं होतं. पुढं ती पैसे घेतानाच शेजारच्या शाळेतल्या पोराला उभं करायची. त्या पोराला दर वेळी एक आणा. तोच आमच्या धाकट्या काकांचा सासरा.

थोरले काका म्हणतात, भाकरीचं छापायचं नाही, घराची शोभा होते. आजी म्हणते, छापायचं. सध्या मतदान तीन विरुद्ध चार आहे.

गिरणगावकर
आजीचं मत दोन धरा.

पारावरचा गप्पिष्ट
आणि 107 च्या फ्लेक्सचं काय ठरलं?

कोयनाकाठची
काका म्हणतात, कोतवालानं उशिरा नोंद केली असेल. चार वर्षं उशिरा.

निवृत्त तलाठी
कोतवाल आळशी असायचे, पण इतके नाही.

वाचनमात्र
तलाठीकाका, एक शंका. आमच्या पणजीचं आजोळ जावळी तालुक्यात, पण वर्ष अजिबात माहीत नाही. 1900 ते 1915 एवढंच म्हणता येईल. असा अर्ज घेतात का?

निवृत्त तलाठी
घेतात, पण पंधरा वर्षांची बुकं चाळायला कुणी आनंदानं बसत नाही. आधी पणजीच्या सगळ्यात थोरल्या मुलाचा शाळेचा दाखला काढा, त्यावरून पाच वर्षांची कक्षा ठरवा. अर्जात पणजीच्या वडिलांचं पूर्ण नाव आणि त्यांचं गाव दोन्ही लिहा, आजोळच्या बुकात जावयाचं गावही टिपलेलं असू शकतं. दप्तर मोडीत असेल तर वाचणारा माणूस बरोबर न्या. आणि सोमवारी जाऊ नका.

वाचनमात्र
सोमवारी का नको?

निवृत्त तलाठी
जाऊन बघा.